सोबत जोडलेले अभिप्राय

पुस्तक लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. लिहून झाल्यावर त्याच गावात राहणं अवघड.

मोठ्या शहरातल्या लेखकांना म्हणे वाचकांची पत्रं येतात. मला वाचक रस्त्यात गाठतात. सिग्नलला शेजारी गाडी लावतात, हेल्मेटची काच वर करतात, अभिप्राय देतात आणि हिरवा दिवा लागला की निघून जातात. मंडईत गवारी निवडताना, दवाखान्यात नंबराची वाट बघताना, एकदा तर बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना मला अभिप्राय मिळालेत. सात-आठ महिन्यांत असे एवढे किस्से साठले की कादंबरीपेक्षा तेच जास्त रंगतदार झालेत, असं माझा नवरा म्हणतो. त्यानं कादंबरी अजून अर्धीच वाचलीय, त्यामुळे त्याचं मत धरू नका.

कादंबरीचं नाव 'सोबत जोडले आहे'. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहे, दिवसातून वीस वेळा हे वाक्य टाइप करते, तेव्हा नाव शोधायला लांब जावं लागलं नाही. अख्खी कादंबरी ई-मेलमधून घडते. कोल्हापूरची रेवती नव्या कुकरची शिट्टी खराब निघाली म्हणून कंपनीला तक्रारीची मेल करते. जयसिंगपूरच्या सर्व्हिस सेंटरमधला अजित तिला उत्तर देतो. मग ती परत लिहिते, मग तो. शिट्टी शेवटपर्यंत येत नाही, अजित येतो. एवढीच गोष्ट. हसतखेळत लिहिली, हसतखेळत वाचावी.

पहिली प्रत मी अण्णांना दिली. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, बरीचशी नोकरी गगनबावड्याच्या स्टँडवर झाली. आई गेल्यापासून फुलेवाडीच्या घरात एकटेच असतात. आमच्याकडे राजारामपुरीला चला म्हटलं की म्हणतात, "हितनं गाड्या दिसत्यात." शब्दांच्या बाबतीत माणूस भलता काटकसरी. मी दहावी झाले तेव्हा 'बरं' म्हणाले, माझं लग्न ठरलं तेव्हाही 'बरं' म्हणाले. पुस्तक हातात घेतलं, मागचापुढचा पुठ्ठा बघितला, चारदोन पानं चाळली, कपाटात नीट उभं करून ठेवलं आणि विचारलं, जेवून जाणार ना. ह्या वेळी 'बरं'सुद्धा नाही.

खरं सांगायचं तर गाव काय म्हणतं याची मला फारशी फिकीर नव्हती. मला या एकाच माणसाचा शब्द हवा होता. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, पण आतून पेपर तपासून मिळायची वाट बघणारी पोरगीच झाले होते.

*

पुस्तकाचे पहिले वाचक शाहूपुरीतले सलीमचाचा. वडिलांपासून बाइंडिंगचा धंदा. छापलेले मोठे कागद त्यांच्याकडे येतात, ते त्यांच्या सोळा-सोळा पानांच्या घड्या घालतात, शिवतात, पुठ्ठा चढवतात. पन्नास वर्षं हे काम करताना चाचांना एक सवय लागलीय. घडी घालता घालता ते वाचतात. पण कागद ज्या क्रमानं मशिनवरून उतरतात त्याच क्रमानं. आमच्या पुस्तकाचे शेवटचे कागद आधी छापून झाले, सुरुवातीचे सगळ्यात शेवटी.

मी प्रती न्यायला गेले तेव्हा चाचा म्हणाले, झकास जमलंय, लई आवडलं. मी खूश. मग म्हणाले, सुरुवातीलाच दोघांचं लग्न ठरतं ते बेस, मग मध्यात भांडणं होतात ती तर अगदी खरी, आणि शेवटी दोघांची ओळख होते तिथं डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "चाचा, ओळख पहिल्यांदा होते. तुम्ही उलटं वाचलंत."

चाचांनी सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि माझ्याकडं बघितलं. "ताई, आमच्या लग्नाला चव्वेचाळीस वर्सं झाली. लगीन आधी झालं. भांडणं मग झाली. ओळख आता आता व्हायला लागलीया. तुमचं पुस्तक बरोबर हाय, पानांचे नंबर तेवढे चुकल्यात."

पुढची कादंबरी मी त्यांनाच विचारून लिहिणार आहे.

*

ऑफिसातले शिंदेमामा शिपाई आहेत, पण कॉलेजच्या लायब्ररीतलं निम्मं त्यांनी वाचलंय. माझी कादंबरी त्यांनी दोन दिवसांत संपवली आणि चहाचा कप माझ्या टेबलावर ठेवून उभेच राहिले. मी म्हटलं, बोला.

मामा म्हणाले, सगळं पटलं. न बघता प्रेम होतं हे पटलं, रेवती त्याला स्वतःच्या हातची चटणी कुरियरनं पाठवते हेही पटलं. त्याची आई पहिल्याच भेटीत तिला सून म्हणून पसंत करते, तेसुद्धा त्यांनी चालवून घेतलं. पण एका जागी तुम्ही फारच हवेत गेलाय.

"कुठं?"

"तक्रार केल्यावर दुसऱ्या दिवशी उत्तर येतंय व्हय कुठल्या कंपनीचं?"

मामांच्या घरचा पंखा तेव्हा अडीच महिने सर्व्हिस सेंटरला पडून होता.

*

आता रश्श्याचं प्रकरण. हे मला जन्मभर पुरणार आहे.

कादंबरीत रेवती एका मेलमध्ये अजितला पांढऱ्या रश्श्याची कृती लिहून पाठवते. मी घाईघाईत लिहिली आणि तिनं त्यात हळद घातली. मटण शिजवताना हळद लावतात, ती माझ्या डोक्यात होती आणि हातून दुसऱ्या ओळीत गेली. प्रूफं तिघांनी वाचली, तिघेही शाकाहारी.

पुस्तक आल्याच्या चौथ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या नंदावहिनींनी खिडकीतून हाक मारली. त्या कधी हाक मारत नाहीत, थेट घरात येतात, त्यामुळे मी ओळखलं की मामला गंभीर आहे. त्या म्हणाल्या, बाकी काय ते ठीक, पण ही पोरगी कोल्हापूरची नाही. मी म्हटलं, वहिनी, चूक झाली. तर म्हणतात, चूक तुझी असेल, पण बोलणार लोक तिला. तिच्या आईनं तिला काही शिकवलं नाही असं होतंय ते.

मला खरोखर वाईट वाटलं. रेवतीच्या आईचं.

वहिनी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. वाचनालयाच्या प्रतीत त्यांनी पेन घेऊन हळद खोडली. त्यांच्यानंतर ज्यांनी ते पुस्तक नेलं त्यांनी समासात खसखस वाढवली. तिसऱ्या बाईंनी खसखस अर्धी करून पांढरे तीळ घातले. कुणीतरी 'नारळाचं दूध घातल्यावर उकळू नये' असं लिहून दोनदा अधोरेखित केलं. मी ते पान बघायला मुद्दाम वाचनालयात गेले. मूळ मजकूर दिसतच नव्हता. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, हे पुस्तक इतक्या वेळा जातं, पण बायका ते घेऊन जाऊन एकच पान झेरॉक्स करतात आणि परत आणून देतात.

त्या पानावरून मी घरी रस्सा केला. नवऱ्यानं दोन वाट्या जास्त घेतल्या आणि म्हणाला, तुझ्या पुस्तकातला हा भाग मात्र चांगला उतरलाय.

*

एप्रिलमध्ये अण्णांकडे गेले होते. कपाट उघडलं तर पुस्तक जसं ठेवलं होतं तसंच उभं. पानं एकमेकांना चिकटलेली. चार महिने झाले होते. मी कपाट लावलं आणि चहा टाकला. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते, गगनबावड्याची गाडी गेली तसं घड्याळात बघून म्हणाले, सात मिनिटं लेट. मी कप विसळले आणि निघाले. परत येताना गाडीवर डोळ्यांत पाणी आलं. समोरून येणाऱ्याला वाटलं असेल, बाईंच्या डोळ्यात कचरा गेला.

*

मे महिन्यात वाचनालयानं पुस्तकावर चर्चा ठेवली. बोलायला एक निवृत्त प्राध्यापक होते. सरांनी पाऊण तास माझी हजेरी घेतली. यात जीवनाचं दर्शन नाही, समाजाचं भान नाही, दोन माणसं कुकरच्या शिट्टीवरून एकमेकांना लिहितात याला साहित्य म्हणावं का, वगैरे. मी मान खाली घालून साबुदाणा वडा खात होते. वडा चांगला होता.

कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या पत्नी हळूच माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, सरांचं मनावर घेऊ नका. सर रात्री जेवण झालं की मला या पुस्तकातल्या मेल वाचून दाखवतात. अजितच्या ते वाचतात, रेवतीच्या मला वाचायला लावतात. मला चष्मा लागतो, अडखळते, तर थांबतात. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळी पुस्तकं वाचत होतो.

तेवढ्यात सर मागून आले आणि बाईंना म्हणाले, चला, उशीर होतोय. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकोणपन्नासाव्या पानावर रेवती फार तोडून बोलते त्याला. तेवढं दुसऱ्या आवृत्तीत बघा."

*

जूनमध्ये एक दिवस ऑफिसच्या खिडकीशी चाळिशीचा एक माणूस येऊन उभा राहिला. मी म्हटलं, प्रवेशाचे फॉर्म शेजारच्या खिडकीत. तो म्हणाला, प्रवेश नको, जयसिंगपूरहून आलोय, माझं नाव अजित.

माझ्या हातातला शिक्का हातातच राहिला.

जयसिंगपुरात पेठेतल्या गल्ल्यांना नंबर आहेत. मी कादंबरीतल्या अजितला आपला असाच दहाव्या गल्लीत ठेवला होता. आणि दहाव्या गल्लीत खरोखरीचा अजित निघाला. मिक्सर, कुकर, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान! दोन मुलं. बायकोनं पुस्तक वाचलं होतं आणि आठ दिवस ती त्याच्याशी बोलत नव्हती.

बिचारा एसटीनं आला होता, सोबत नारळ आणला होता. म्हणाला, तुम्ही फक्त एका कागदावर लिहून द्या की तो अजित मी नाही. मी पुस्तकाची एक प्रत काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'दहाव्या गल्लीतील दुकानदार अजितराव यांचा या कादंबरीशी काहीही संबंध नाही.' सही केली. शिंदेमामा म्हणाले, ऑफिसचा शिक्का नका मारू, प्राचार्य ओरडतील. पण खाली तारीख घाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अजितरावांच्या बायकोचा, त्या वहिनींचा फोन आला. मी सुरुवातीलाच माफी मागितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अवो ताई, त्यो अजित म्हंजी आमचं ह्ये न्हवंत, हे मला पैल्या पानापासनंच ठाऊक हाय. त्यो अजित तिला चार-चार पानं लिवतोय. ह्यांनी लगीन झाल्यापासनं मला एकच मेसेज केलाय. 'दूध आण.' म्हणून मी बोलत न्हवते."

मी परत माफी मागितली आणि फोन ठेवला.

महिन्याभरानं मीच फोन केला, राहवेना. विचारलं, आता कसं आहे. वहिनी म्हणाल्या, आता रोज मेसेज येतो. मी म्हटलं, अरे वा, काय लिहितात?

मग हसू दाबत म्हणाल्या, "'दूध आणलंय.'"

*

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात अण्णांना ताप आला म्हणून मी दोन दिवस फुलेवाडीला राहायला गेले. ताप साधाच होता, दुसऱ्या दिवशी उतरला. अण्णा दुपारी झोपले तेव्हा मी घर आवरायला घेतलं. त्यांच्या उशीजवळ माझं पुस्तक होतं.

पहिल्यांदा आनंद झाला. मग बघितलं तर साठाव्या पानापाशी एसटीचं जुनं तिकीट खूण म्हणून घातलेलं. पुढची पानं कोरी करकरीत. म्हणजे अण्णांनी सुरुवात केली होती, पण साठाव्या पानावर कंटाळून सोडून दिलं होतं. अजिबात न वाचणं परवडलं. त्याला निदान माणूस कारणं शोधू शकतो.

अण्णा उठले तेव्हा मी पेज घेऊन गेले आणि न राहवून विचारलंच. "अण्णा, पुस्तक आवडलं नाही का?"

"का गं?"

"साठाव्या पानावर थांबलाय."

अण्णांनी पेजेचं भांडं खाली ठेवलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत बघितलं. "पुढचं पत्र आलं न्हाय अजून."

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी पुस्तक उघडून साठावं पान माझ्यापुढं धरलं आणि बोट ठेवलं. माझ्या कादंबरीत प्रत्येक मेलवर तारीख आहे, वेळ आहे, खरी वाटावी म्हणून मीच घातलेली. पहिली मेल ३ जूनची. साठाव्या पानावरची अजितची मेल ९ ऑगस्टची; त्यात तो रेवतीच्या नोकरीची थट्टा करतो, आगाऊपणा करतो. रेवती रागावते. तिची पुढची मेल आहे २ सप्टेंबरची. पुस्तकात ती लगेच समोरच्या पानावर आहे. तो अबोला लिहायला मला काहीच लागलं नव्हतं, नुसती तारीख बदलली होती.

अण्णांनी ते समोरचं पान कागदानं झाकून ठेवलं होतं.

हळूहळू सगळा उलगडा झाला. जानेवारीत पुस्तक हातात घेतलं तेव्हा त्यांनी पहिली तारीख बघितली. ३ जून. म्हणून कपाटात ठेवलं. ३ जूनला काढलं, त्या दिवसाची मेल त्या दिवशी वाचली. मग पुढच्या तारखेची पुढच्या तारखेला. कधी दिवसात दोन, कधी चार दिवस एकही नाही. बत्तीस वर्षं स्टँडवर काढलेला माणूस, एकही गाडी वेळेआधी सोडली नाही.

"आवो, पण पुस्तक आहे ते," मी म्हटलं. "पान उलटलं की कळतंय."

"तारखा तू घातल्यास न्हवं?"

"हो."

"मग? तारखेच्या आधी कसं वाचू?"

मग पेज निवली तरी अण्णा बोलत राहिले. एवढं बोलताना मी त्यांना क्वचितच ऐकलंय. अजित गाढव आहे म्हणाले. थट्टा केली तर केली, लगोलग माफी मागायची होती, त्याला काय हात नाहीत? पोरगी रागावणारच. पंधरा दिवस होत आले. मी म्हटलं, अण्णा, पुढं काय होतं सांगू का? नको म्हणाले. खिडकीतून रस्त्याकडं बघितलं.

मग म्हणाले, मी गगनबावड्याला असताना तुझी आई सकाळच्या गाडीनं कंडक्टरच्या हाती डबा पाठवायची. डब्यात चिठ्ठी असायची. रोज. तेवढं मला लहानपणापासून माहीत होतं. पुढचं मात्र त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"एकदा अठरा दिस डबा यायचा, चिठ्ठी न्हाय यायची."

"का?"

"माझंच चुकल्यालं."

"मग?"

"मग आली की."

भांडं उचलून ते स्वतःच मोरीत ठेवायला गेले. मी आत जाऊन उगाच चादरी घडी घालत बसले.

२ सप्टेंबरला ऑफिसात मरणाची गर्दी होती. परीक्षेचे फॉर्म, खिडकीबाहेर रांग, शिंदेमामा पोरांवर खेकसत होते. अकरा वाजून बावीस मिनिटांनी टेबलावर फोन थरथरला. अण्णा. ऑफिसच्या वेळात त्यांनी मला आजवर एकदाच फोन केला होता, आई गेली तेव्हा. खिडकी तशीच सोडून मी पॅसेजमध्ये पळाले.

"अण्णा, काय झालं?"

पलीकडं गाड्यांचा आवाज येत होता. घसा साफ केल्यासारखा आवाज आला.

"काय न्हाय. तिचं पत्र आलं."

मी म्हटलं, "मग? काय म्हणतीय?"

"चांगलं लिवलंय तिनं," अण्णा म्हणाले, आणि फोन ठेवला.